परीक्षेच्या हंगामात तुम्ही काय ऐकता? (दीडपट वेगानं ऐकणाऱ्यांनी आधी हात वर करा)

पोखर्णी_पॅसेंजर (१२ एप्रिल, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडची. गायन विशारदची परीक्षा मे महिन्यात आहे. आठवड्यातून चार दिवस परभणीला क्लासला जाते. पॅसेंजर वेळेवर सुटली तर पाऊण तास, नाही सुटली तर हरी हरी. माझं सगळं ऐकणं त्या पाऊण तासातलं. घरी भावाची बारावी झाली तरी त्याचा आवाज संपत नाही आणि दिवसभर मी झेरॉक्सच्या दुकानात असते.

आता मुद्दा. बडा ख्याल पन्नास-पंचावन्न मिनिटांचा, गाडी पाऊण तासाची. म्हणून मी वेग दीडपट करून ऐकते. मधल्या पोखर्णी स्टेशनपर्यंत विलंबित, म्हणजे संथ भाग, तिथून पुढं द्रुत, म्हणजे जलद, परभणीच्या आउटरला गाडी थांबली की तराणा. सहा महिने असंच चाललंय. परवा क्लासमधे इअरफोनची पिन निघाली आणि दरबारी राग मोठ्यानं सुरू झाला. गुरुजींनी विचारलं, "कोण गातंय?" मी नाव सांगितलं. गुरुजी दोन मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "ते असं कधी गात नव्हते." मला जमिनीत जावंसं वाटलं.

दुसरा त्रास याहून वाईट. आता साधं काही ऐकताच येत नाही. दुकानात मालक जुनी गाणी लावतात, आणि माझं डोकं लगेच निषाद कोमल का शुद्ध, याच्यामागं. काल एका आजोबांच्या आधार कार्डाच्या दोनऐवजी बारा प्रती काढल्या. घरी जेवताना पप्पा विचारतात, "ऐकायलीस का जेवायलीस?"

तर विचारायचं हे की परीक्षा जवळ आल्यावर तुम्ही फक्त अभ्यासक्रमातलंच ऐकता का? बाकी सगळं बंद करायचं का? आणि दीडपटीबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर एकदाच द्या.

बेसूर_बहाद्दर

पहिला. विलंबित ख्याल दीडपट वेगानं म्हणजे हुरडा कुकरात शिजवणं. तीन शिट्ट्या.

तिरकिट

ताई, दरबारी पळवला की त्याचा अडाणा होतो. तुम्ही एका तिकिटात दोन राग ऐकलेत, तक्रार कशाची?

पोखर्णी_पॅसेंजर

@तिरकिट, हसू नका. गुरुजी अगदी हेच म्हणाले, फक्त हसले नाहीत.

काळी_पाच

मी संभाजीनगरला शिकवते. बरीच वर्षं शिकवते, म्हणून जरा कडक बोलेन.

वेगाचं आधी. दरबारीचा गंधार आंदोलित आहे. तो खालून ऋषभाला टेकून सावकाश हलतो. तो हलण्याचा वेळ हाच तो राग. वेग वाढवला की स्वर त्याच उंचीवर राहतो, ॲप ती काळजी घेतं, पण आंदोलनाची थरथर होते. थंडीत दात वाजावेत तशी. सहा महिने तू थरथर ऐकलीस, आता गाताना तीच येणार. हे काढायला आणखी सहा महिने लागतील आणि तुझ्याकडे सहा आठवडेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. परीक्षेआधी सहा आठवडे अभ्यासक्रमाबाहेरचं काही ऐकू नये. कान हे भांडं आहे. ताक ओतलेल्या भांड्यात दूध ओतलं की नासणारच. माझ्या विद्यार्थिनींना मी हेच सांगते आणि त्या पास होतात.

जुना_टेपरेकॉर्डर

काळी_पाच बाई, पहिल्या परिच्छेदाला साष्टांग नमस्कार. दुसऱ्याला मात्र आमचा विरोध नोंदवून घ्या.

मी अंबाजोगाईचा. निवृत्त. परीक्षा कधीच दिली नाही, पण पन्नास वर्षं ऐकतोय. आमच्या लहानपणी काय ऐकायचं हे आपल्या हातात नव्हतंच. रेडिओ लावेल ते. सकाळी साडेसातला विविध भारतीवर संगीत सरिता. दात घासता घासता राग कळायचा, तोंडात राखुंडी आणि कानात आरोह-अवरोह. शनिवारी रात्री आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा. ती लागायच्या आधी वडील अंगणात बाज टाकायचे आणि रेडिओ उशाशी ठेवायचे. मधेच खरखर. वडील रेडिओ उचलून कडुनिंबाकडं तोंड करायचे, खरखर जायची. आजही एखादं रेकॉर्डिंग स्वच्छ ऐकलं की मला काहीतरी कमी वाटतं.

सांगायचं म्हणजे, त्या ऐकण्यात अभ्यासक्रम नव्हता. कधी धृपद, कधी कर्नाटक संगीत, कधी सतार. नको म्हणायची सोय नव्हती. आणि त्यामुळंच जे कळलं ते कळलं. एकच एक ऐकून कान तयार होत नाही, कान हट्टी होतो.

काळी_पाच

काका, तुम्हाला कुणी समोर बसवून "पूरिया आणि मारवा यांतलं साम्य-भेद गाऊन दाखवा" असं म्हटलेलं नाही. म्हणून अंगणातली बाज आठवते.

जुना_टेपरेकॉर्डर

मान्य. तरी दीडपटीच्या बाजूनं एक वकिली करतो, फुकट. जुन्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत राग उभा केला. म्हणजे वेळेची कात्री तेव्हाही होती. फरक एवढाच की कुठं कापायचं हे गाणारा ठरवत होता. आता ऐकणारा ठरवतो, आणि तेही पॅसेंजरच्या वेळापत्रकावरून.

बेसूर_बहाद्दर

काका, ही वकिली बाजूनं होती का विरोधात?

जुना_टेपरेकॉर्डर

फुकट वकील असाच असतो.

तिरकिट

आता माझं ऐका. मी लातूरचा, तबला. आम्हा लोकांचं परीक्षेच्या काळातलं ऐकणं म्हणजे लेहरा. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, तास दोन तास. मध्यमा पूर्णच्या वेळी मी झपतालाचा लेहरा रोज सकाळी चार तास लावायचो. शेजाऱ्यांचं पोरगं पहिलीत होतं. शाळेत बाई म्हणाल्या, कविता म्हणून दाखव. यानं डोळे मिटले आणि पूर्ण लेहरा गुणगुणला. दहाव्या मात्रेला थांबून मान पण हलवली. त्याची आई घरी भांडायला आली तेव्हा मला राग कमी आणि अभिमान जास्त वाटला, कारण पोरगं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अचूक येत होतं.

बाकी आवंदा मी परीक्षेला नाही. मागं हिवाळ्यातल्या सत्रात दिली होती, तेव्हा येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आडवी आली. सगळं गाव शेतात, भज्जी, उंडे, आंबील. आमचे सर म्हणाले, "गाणारांनी आंबिलीला हात लावायचा नाही, वाजवणारांनी कितीबी प्या." आयुष्यात पहिल्यांदा तबला निवडल्याचं समाधान मिळालं.

लातूरची_लेक

@तिरकिट, गाणारीनं आंबील पिली. दोन तांबे. पास झाले. सरांना सांगू नका.

गोदाकाठ

नांदेडहून. धागा छान चाललाय, मधे तोंड घालतो.

मला पोखर्णीताईंच्या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे. साधं ऐकता येत नाही, सगळीकडं राग दिसतो. मला वाटतं हे आजारपण नाही, अर्धं ऐकणं आहे. नाव सापडलं की ऐकणं थांबतं. निषाद कोमल आहे हे कळलं की झालं, पुढच्या प्रती काढायला मोकळ्या.

मी पहाटे सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जायचो, परीक्षेच्या वर्षी रोज. अंधारात आसा दी वार, म्हणजे शिखांचं पहाटेचं कीर्तन, सुरू असायचं. मी शीख नाही, पंजाबी येत नव्हती. पहिले काही दिवस मीही तेच करायचो, राग कोणता, ताल कोणता. मग एका सेवेकऱ्यानं मला एक गोष्ट सांगितली की गुरु ग्रंथ साहिबात प्रत्येक शबदाच्या, म्हणजे पदाच्या, वर रागाचं नाव लिहिलेलंच आहे. एकतीस राग. आपल्या नरसीच्या नामदेवांची एकसष्ट पदं त्यात आहेत, तीही रागांखालीच. म्हणजे नाव शोधायचं कामच उरलं नाही, ते आधीच वर लिहिलंय. मग बसून काय करायचं? ऐकायचं. मला ती युक्ती लागू पडली. तुम्हीपण रेकॉर्डिंग लावताना रागाचं नाव आधी बघून घ्या आणि मग विसरून जा.

आणि एक. सकाळच्या पॅसेंजरमधे मारवा ऐकता का हो?

पोखर्णी_पॅसेंजर

ऐकते. सकाळी सव्वासातला. का?

गोदाकाठ

काही नाही. मावळतीचा राग तो. सूर्य डब्यात चढताना आणि मारवा मावळताना. पोखर्णीला दोघांची गाठ पडत असेल.

काळी_पाच

समयाचं सगळं खरं असलं तरी परीक्षा सकाळी अकराला असते आणि अकराला संध्याकाळचा यमन गायला सांगतात. त्यामुळे वेळ पाळायची चैन करू नकोस. जेव्हा वेळ मिळेल तेव्हा ऐक. पण एकपटीनं.

हलगीवाला

राम राम. म्या इथं वाचतो रोज, लिहीत नाही. आज ऱ्हावलं नाही.

मी बीड जिल्ह्यातला. लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट. चार वर्षामागं प्रवेशिका दिली, कारण पोरगी म्हणली बाबा तुम्ही बी द्या. मला एकदा गाणं ऐकवा, दुसऱ्यांदा मी वाजवून दाखवतो. कोणच्या पट्टीत म्हणाल त्या पट्टीत. पण परीक्षेत सायबांनी विचारलं की या रागाचा वादी, म्हंजे मुख्य सूर, कोणता. म्हणलं, सायब, वाद तर आमच्या बँडात रोज असतो, वादी कोण ते सांगता येत नाही. सायब लई हासले. तरी मार्क गेलेच.

तर आमचं आयकणं असं. एप्रिल-मे म्हणजे तुमची परीक्षा, आमची सुगी. दिवसाला दोन वराती. नवं गाणं आलं की पोरं मोबाइलवर अर्धं मिनिट लावून देतात, उस्ताद एवढंच वाजवा. पुढचं गाणं मला म्हाईतच नसतं. माझ्या डोक्यात अशी दीडशे गाणी हायत, सगळी अर्ध्या मिनिटाची. तुम्ही दीडपट आयकता म्हणून रडता, आमचं तर शेपूटच आयकायला मिळत नाही.

बेसूर_बहाद्दर

@हलगीवाला, "वाद रोज असतो, वादी कोण ते सांगता येत नाही" हे मी घरी फ्रीजवर लिहून ठेवलंय. बायकोनं खाली लिहिलं, "संवादी कुठंय?"

देवगिरीकर

लेखीची कुणीच आठवण काढली नाही, म्हणून आलो. पोखर्णीताई, लेखीत संगीत रत्नाकर येईल तेव्हा ते पाठांतराचं ओझं समजू नका. शार्ङ्गदेव तुमच्याआमच्या भागातला नोकरदार माणूस. आजोबा काश्मीरहून आले, हा तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी. काम काय? हिशेबखात्याचा प्रमुख. दिवसा जमाखर्च आणि उरलेल्या वेळात सात अध्यायांचा ग्रंथ: स्वरगत, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य. भारतभर ज्याच्यावर भाष्यं लिहिली गेली तो ग्रंथ दौलताबादच्या किल्ल्याच्या सावलीत लिहिला गेला, आणि आपण किल्ल्यावर जाऊन फक्त अंधारी, म्हणजे ते काळोखं भुयार, बघून येतो.

तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात, तो हिशेबाच्या दप्तरात. त्यानंसुद्धा कधीतरी दोनऐवजी बारा लिहिले असतील.

पोखर्णी_पॅसेंजर

@देवगिरीकर, हे वाचून मी सातही अध्याय पाठ केले. "जमाखर्चवाला" म्हटलं की लक्षात राहतं. आधी 'प्रकीर्णक' नेहमी विसरायचं.

तिरकिट

प्रकीर्णक म्हणजे किरकोळ खर्च. हिशेबात असतोच.

लातूरची_लेक

थोडं अवांतर. हार्मोनियमवर रियाज करता का तानपुऱ्यावर? आमच्याकडे घरात यावरून दोन पक्ष आहेत.

काळी_पाच

तानपुरा. चर्चा नको.

जुना_टेपरेकॉर्डर

चर्चा होणारच. आकाशवाणीनं १९४० मधे हार्मोनियमला दार बंद केलं होतं, कारण पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, मींड काढता येत नाही, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाता येत नाही, श्रुती हलवता येत नाही. साथीला पुन्हा आत घेतलं ते १९७१ मधे. एकतीस वर्षं पेटी दाराबाहेर. आणि त्या एकतीस वर्षांत मराठवाड्यातल्या एका तरी कीर्तनात पेटी थांबली का? नाही. तेव्हा ज्याला जे मिळेल त्याच्यावर गा.

पोखर्णी_पॅसेंजर

मी मोबाइलचा तानपुरा लावते, काळी चार पट्टीत. एकदा मारवा म्हणत होते आणि काही केल्या सूर लागेना. रडकुंडीला आले. अर्ध्या तासानं बघितलं तर तानपुरा पंचमाचा. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि मी अर्धा तास पंचमाशी भांडत होते. निषादावर लावला आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. हे पुस्तकात वाचलेलं होतं बरं का. वाचलेलं असून अर्धा तास गेला.

काळी_पाच

हे अर्ध्या तासाचं भांडण तुला आयुष्यभर पुरेल. चांगलं झालं.

टाळकरी_हिंगोली

माऊली, उशिरा आलो. आमच्याकडं सप्ताह सुरू हाय. पहाटे चारला काकडा, सकाळी पारायण, सांच्याला हरिपाठ, रात्री कीर्तन. भोंगा मारुतीच्या देवळावर आणि आमचं घर देवळाला लागून. त्यामुळं काय ऐकायचं हा प्रश्न आठ दिवस आम्हाला पडत नाही.

पण पोखर्णीताईंना एक सांगावं वाटतं. काकड्याच्या चाली ऐका. एकच अभंग पहाटे म्हणतात तो वेगळ्या चालीत आणि रात्री म्हणतात तो वेगळ्या. आमचे पखवाजी आजोबा शाळेत गेलेले नाहीत. त्यांना भूप म्हणजे काय विचारलं तर म्हणतील "रातची चाल". पहाटेची चाल कुणी रात्री धरली की पखवाज थांबवतात आणि म्हणतात, "उजाडलं का रे?"

देवगिरीकर

@टाळकरी_हिंगोली, हे फार मोलाचं आहे. भूप आणि देशकार हीच जोडी बघा. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार, म्हणून तो पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरी. देशकाराचा वादी धैवत, ओढ वर तार षड्जाकडं, ऋषभ दुबळा, वेळ सकाळची. आजोबा दुसऱ्या शब्दांत हेच सांगतायत.

काळी_पाच

थांबा. काकड्याची प्रत्येक चाल देशकार नसते. बिभास असते, भैरवाच्या अंगानं जाणारी असते, आणि बऱ्याच चाली कुठल्याच रागात चपखल बसत नाहीत. पोरीनं परीक्षेत "काकड्यासारखं" म्हणून काहीतरी गायलं तर जबाबदार कोण?

टाळकरी_हिंगोली

माऊली, आम्ही कुठं म्हणलो देशकार? आम्ही "पहाटेची चाल" म्हणलो. देशकार देवगिरीकर म्हणले.

देवगिरीकर

माझी चूक. आजोबांना नमस्कार सांगा.

पोखर्णी_पॅसेंजर

योगायोग बघा, आमच्या मामांच्या गावात पण सप्ताह आहे. शनिवारी गेले होते. पहाटे चारला भोंग्यानं उठवलं. मी वैतागून उठले आणि ओसरीवर बसले. उकाडा इतका की पहाटेसुद्धा भिंत गरम. काकड्यात एक बाई होत्या, आवाज फाटलेला, भोंगा त्याहून फाटलेला. त्या वरच्या सा वर जाऊन परत धैवतावर येऊन टेकायच्या आणि तिथंच थांबायच्या. खाली यायलाच तयार नाहीत. राग देशकार नव्हता, काळी_पाच मॅडम, मी तपासलं. मधे कुठंतरी मध्यम लागत होता. पण धैवतावर टेकून बसणं म्हणजे काय हे मला पहिल्यांदा दिसलं. दिसलं असंच म्हणते. मामी चहा घेऊन आल्या तर मी बोटानं हवेत टेकू देत होते.

काळी_पाच

मध्यम लागत होता हे ऐकलंस ना? मग ऐक काय ऐकायचं ते. माझी हरकत मागं.

बेसूर_बहाद्दर

इतिहासात नोंद व्हावी. काळी_पाच मॅडमनी हरकत मागं घेतली. धागा कुलूप लावून जतन करा.

हलगीवाला

ताई, परीक्षा कधी? शुभेच्छा. घसा संभाळा, रसवंतीत बरफ नको म्हणायचं.

गोदाकाठ

उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा आहे. ओला रुमाल जवळ ठेवा. आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा नेणार असाल तर त्याचे सेल तपासा. वीज गेल्यावर केंद्रावर सगळे एकमेकांकडं बघतात.

पोखर्णी_पॅसेंजर (मे महिना, परीक्षेच्या दिवशी रात्री)

झाली एकदाची. निकाल लागेल तेव्हा लागेल, आज घडलं ते सांगते.

खोली दुसऱ्या मजल्यावर, पंखा चालू पण हवा गरम. परीक्षक वयस्कर, बाहेरगावचे, शांत. माझा पहिला राग बरा गेला. दुसरा सुरू केला आणि खाली रस्त्यावर वरात आली. बँड. नुसता बँड नाही, मागं डीजेपण. खिडकीची काच थरथरायला लागली. मी थांबले. परीक्षकांनी मला खुणेनं थांबच म्हटलं, पाणी पिलं आणि विचारलं, "हा बँड कोणत्या पट्टीत वाजवतोय?"

मला वाटलं चेष्टा आहे. पण ते वाट बघत होते. मी माझा काळी चारचा सा मनात धरला, खालच्या क्लॅरिनेटचा सा शोधला. "काळी दोन असावी," म्हटलं. त्यांनी पेटीचा एक स्वर दाबून बघितला. काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ताल?" "केरवा." "बरं. तो चालू राहू द्या. त्याच लयीत तुम्ही हातावर झपताल द्या, ठाय आणि दुगुन." म्हणजे आधी साधी लय, मग दुप्पट.

खाली आठ मात्रा दणादणा, माझ्या हातात दहा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पहिलं आवर्तन कसंबसं. दुसऱ्यात हात केरव्याच्या मागं पळाला. तिसऱ्यात मी डोळे मिटले, लातूरच्या त्या पहिलीतल्या पोराची आठवण आली, आणि हसू आलं. हसता हसता झपताल टिकला. ठाय पूर्ण झाला. दुगुन मात्र नवव्या मात्रेला घसरली. परीक्षक म्हणाले, "घसरली ते कळलं ना?" "हो." "बसा."

पुढं भूप-देशकार विचारलंच. देशकारात मी धैवतावर गेले आणि बसले. जरा जास्तच बसले बहुतेक, कारण त्यांनी "पुढं" अशी खूण केली.

लेखीत शार्ङ्गदेव आला नाही. सातही अध्याय वाया.

तिरकिट

लय तीच असेल तर पाच केरव्यांत चार झपताल बसतात. चाळीस मात्रा झाल्या की दोघांची सम एकत्र. तुम्ही चार आवर्तनं टिकला असतात तर डीजेनं तुमच्या समेवर दणका दिला असता. आयुष्यात एकदाच मिळणारी साथ होती, घालवलीत.

ते पोरगं आता चौथीत आहे. त्याला सांगतो.

हलगीवाला

ताई, आधीच सांगतो, तो बँड आमचा नव्हता. आम्ही त्या दिवशी माजलगावला होतो. आणि काळी दोन नसंल बहुतेक. उन्हात क्लॅरिनेट तापलं की सूर वर चढतो. सकाळी ज्या पट्टीत लावलं त्या पट्टीत दुपारी ऱ्हात नाही. सायबांनी पेटी दाबून बघितली अन् गप बसले, ते त्याच्यामुळंच असंल.

जुना_टेपरेकॉर्डर

या परीक्षकांना एकदा अंबाजोगाईला घेऊन या. कडुनिंब अजून आहे, बाज नवी करून घेतो.

काळी_पाच

दुगुन नवव्या मात्रेला घसरते कारण सातवीला खालीचा, म्हणजे टाळी नसलेला, भाग संपतो आणि तू भरीची घाई करतेस. सगळ्याजणी तिथंच घसरतात. पुढच्या वेळी भेटलीस तर सुधारून देते. आणि आता मूळ प्रश्नाचं काय? काय ऐकतेयस?

पोखर्णी_पॅसेंजर

तेच सांगायला आले होते. परत येताना पॅसेंजरमधे दरबारी लावला, एकपटीनं. सव्वा तासाचं रेकॉर्डिंग. सहा महिने ऐकलेलं, पण त्यातली अर्धी माणसं जणू नवीनच भेटली. गायक मधेच श्वास घेतात तोसुद्धा ऐकू येतो. गंगाखेड आलं तरी विलंबितच संपलं नव्हतं. उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसले, म्हटलं एवढा ख्याल होऊ द्या. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, एक कुत्रं येऊन पायाशी झोपलं. त्यांनी एक मोठी तान घेतली, मुखडा उचलला, आता समेवर येणार, आणि पप्पांचा फोन. "कुठं हायस? जेवायचं थांबलोय."

तिरकिट

विलंबित एकताल होता ना, बारा मात्रांचा? कितव्या मात्रेला फोन आला?

पोखर्णी_पॅसेंजर

अकराव्या.

तिरकिट

म्हणजे 'धी' मिळाला, 'ना' राहिला.